सतरा गुणांचा मेल

बेलवलीचा विक्रांत अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. वडील भगवान तिथेच रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर. बाप अख्ख्या बेलवलीत सांगत फिरायचा, "आमचा विक्रांत एसीत बसतो. ना धूर, ना वास, ना धोका."

आता गंमत ऐका. पौरुषाच्या ज्या गोळ्यांच्या जाहिराती सगळं जग कचरा म्हणून फेकतं, त्यांचाच कच्चा माल ही कंपनी बनवायची. कचरा मेल गाळणारा फिल्टर प्रत्येक मेलला गुण द्यायचा. पाचाच्या वर गेला की कचऱ्यात, पंधराच्या वर गेला की थेट नष्ट. म्हणून विक्रांतनं स्वतःची एक फाइल लिहून त्या गोळ्यांच्या नावांचे गुण शून्य केले होते. दोन हजार सातच्या मार्चमध्ये, एका रविवारी, त्यानं फिल्टरची नवी आवृत्ती टाकली. ती भलत्याच फोल्डरमध्ये फाइल शोधत होती. त्याची फाइल जुन्या जागी पडून राहिली, आणि या पठ्ठ्यानं एक मेल पाठवून बघायचे कष्टही घेतले नाहीत!

सोमवारी तीन वाजता खरेदीच्या संध्या मॅडम म्हणाल्या, "विक्रांत, आज एकही मेल नाही रे. सगळ्यांना सुट्टी आहे काय?"

विक्रांतला कालची नवी आवृत्ती आठवली. त्यानं फिल्टरच्या नोंदी उघडल्या. मजकूर गेला होता, विषय आणि गुण तेवढे उरले होते. कंपनीला रसायनं पुरवणाऱ्याचा मेल, सकाळी साडेदहाचा, गुण सतरा. आधी त्या गोळीचं नाव, पुढे: 'तातडीचे. शनिवारची पिंपं उघडू नका. लेबलांची अदलाबदल झाली आहे. पाण्यात पडल्यास स्फोट.'

अरे मेल्या पुरवठादारा, एक फोन करायला काय झालं होतं? विक्रांतनं इंटरकॉम उचलला, तर प्लांटची लाइन बंद. मोबाइल आत नेता येत नव्हता. दुसरी पाळी सुरू झाली होती, आणि त्या पाळीला रिअ‍ॅक्टरवर बाप होता. विक्रांत धावत सुटला.

दारात सुपरवायझर हरिचंद्र आडवा आला. "हेल्मेट कुठंय? आणि कागद दाखव. कागदाशिवाय बॅच थांबत नाही."

"कागद माझ्यामुळंच उडाला, काका! चूक माझी आहे. माझी नोकरी घ्या, पण ते पिंप उघडू नका!"

वर, पाण्यानं भरलेल्या रिअ‍ॅक्टरच्या तोंडाशी, भगवानचा पाना पिंपाच्या बुचावर होता. बूच अर्धं फिरलं होतं. त्यानं खाली दारात ओरडणाऱ्या पोराकडं पाहिलं आणि बूच उलटं फिरवून घट्ट केलं.

फोनवर पुरवठादारानं कबूल केलं, लेबलांची खरंच अदलाबदल झाली होती. विक्रांतला मेमो मिळाला. कँटीनमध्ये मेमो वाचत बसलेल्या पोरापुढं भगवाननं चहाचा ग्लास सरकवला. म्हणाला, "तुझ्याकडनं चुकलं तर ते आमच्यापर्यंत येतं होय रे?"

भगवान आजही बेलवलीत सांगतो, आमचा विक्रांत एसीत बसतो. धोक्याचं मात्र काही बोलत नाही.