पांझरेकाठचं भरीत

पांझरेकाठच्या त्या बागेत कोणीच जात नसे, त्यावरून धुळ्याच्या लोकांना निसर्गाची आवड नाही, असं माझं ठाम मत झालं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझं नवीनच लग्न झालं होतं आणि सासरे, म्हणजे नाना, दोंडाईच्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आले होते. जावयाला एक बेत धड ठरवता येत नाही, हे त्यांनी लग्नातच ओळखलं होतं (वरातीचा बँड मी भलत्याच गल्लीत उभा केला होता). ते मत मला या मुक्कामात पुसून टाकायचं होतं. म्हणून नदीकाठच्या त्याच बागेत भरीत पार्टी! बायको म्हणाली, आधी जागा बघून या. मी म्हटलं, रोज पुलावरून बघतोच की.

थंडीची सकाळ होती. धुक्यात नदी दिसेना. वारा नसताना झोपाळा कुरकुरत होता. झाडं कावळ्यांनी भरलेली, पण एक कावळा ओरडेल तर शपथ.

"जवाईबुवा, आठे इतलं शांत कसं शे?" नानांनी विचारलं.

"मुद्दाम निवडलीय जागा," मी ऐटीत म्हणालो.

कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून वांगी भाजायला घातली. वाटेवरून एक सायकलवाला चालला होता. तो थांबला, उतरला, टोपी काढून आमच्या जाळाला हात जोडले आणि मान खाली घालून निघून गेला. मला माणूस फार संस्कारी वाटला. नाना मात्र जाळापासून जरा लांब सरकून बसले.

वांगी सोलली, मिरची-लसूण घालून ठेचली. खमंग वास सुटला, तसे ते सगळे कावळे एकेक करून खाली उतरले आणि आमच्या सतरंजीभोवती गोल करून बसले. चिडीचूप. नुसते नानांकडे बघत होते! बायको हळूच म्हणाली, मला हे काही बरं वाटत नाही. बरं मलाही वाटत नव्हतं. पण बेत माझा, म्हणून मी कांद्याची पात चिरत राहिलो.

इतक्यात धुक्यातून माणसं निघाली. उघडी अंगं, नुकती भादरलेली डोकी, पाय अनवाणी, आवाज नाही. मी रामरक्षा सुरू केली, ती निम्म्यात विसरलो आणि थेट गणपतीच्या आरतीवर आलो! पुढचा माणूस नानांसमोर हात जोडून उभा राहिला.

"भाऊ, थोडंसं भरीत देतस का? आमना आबाले भलतं आवडे."

मग उलगडा झाला. कुंपणापलीकडे स्मशान होतं आणि त्यांच्या वडिलांचा दहावा चालला होता. पिंडाला कावळा शिवेना, म्हणजे आबांची काहीतरी इच्छा राहिलीय. शेत विकणार नाही, भाऊ-भाऊ भांडणार नाही, सगळं कबूल करून झालं, तरी कावळा येईना. (येईल कुठून? गावातले झाडून सगळे कावळे माझ्याकडे पंगतीला बसले होते.) तेवढ्यात वांग्याचा वास आला आणि आबांची इच्छा पोरांना कळली.

नानांनी अख्खं पातेलंच उचलून दिलं. पातेल्यामागे कावळेही गेले. क्षणात पलीकडून "शिवला, शिवला!" असा गलका झाला. आम्ही कांद्याशी कोरडी भाकरी खाल्ली. घरी पोचल्यावर दारात चपला काढताना नाना एवढंच म्हणाले, "जवाईबुवा, मना दहावाना बेत तुम्ही ठरावू नका."

नाना गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी खरंच कशात लुडबुड केली नाही. तरी दहाव्याला कावळा शिवेना. मेव्हण्यांनी जे सुचेल ते कबूल केलं. कावळा समोरच्या फांदीवर बसून नुसता माझ्याकडे बघत होता. शेवटी बायकोने मला पुढे ढकललं. मला रडू आवरत नव्हतं. मी हात जोडले आणि म्हणालो, "नाना, यापुढे घरातला एकही बेत मी ठरवणार नाही."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा शिवला!