पाश्को दुशायच्या चौकटी

ब्रॉन्क्समध्ये पेल्हम पार्कवेच्या बाजूला आमची सहा मजली, विटांची इमारत आहे. तिची सगळी देखभाल पाश्को दुशाय करायचा. बॉयलर चालू ठेवणं, कचरा बाहेर काढणं, तुंबलेले पाइप मोकळे करणं, हिवाळ्यात दारातला बर्फ उपसणं, सगळं त्याच्याकडे. तो, बायको द्राने आणि एकुलता मुलगा विक्तोर तळघरातल्या दोन खोल्यांत राहत. माणसं मूळची माँटेनेग्रोच्या डोंगरातली, अल्बेनियन. पाश्को बोलायला कमी, उंचीला जास्त. जिन्यात समोरून कुणी आलं की भिंतीला चिकटून उभा राहायचा आणि आधी त्याला जाऊ द्यायचा.

त्याच्या सगळ्या कामांत त्याला मनापासून आवडायचं एकच. एसीच्या भोकाला चौकट बसवणं.

आमच्याकडे एसी खिडकीत नसतो. खिडकीखाली भिंतीला आरपार भोक, त्यात पत्र्याची पेटी, आणि पेटीत एसी सरकवलेला. भोकं पाडणारे बाहेरची बाजू नीट करून गेले, कारण ती रस्त्यावरून दिसते. आतला गिलावा मात्र उंदरांनी कुरतडल्यासारखा सोडून गेले. लोक त्या फटींत वर्तमानपत्र कोंबायचे, वर चिकटपट्टी लावायचे. जानेवारीत तिथून असा वारा यायचा की पडदे हलायचे.

पाश्को आला की आधी खोलीत नुसता उभा राहायचा. खिडकीची चौकट किती रुंद आहे, जमिनीलगतची पट्टी कशी आहे, भोक खिडकीला किती खेटून आहे, हे बघायचा. मग त्याच घाटाची लाकडी पट्टी शोधून आणायचा. एका बाजूला जागा कमी असली तर दुसऱ्या बाजूची पट्टीही तेवढीच अरुंद करायचा. "नाहीतर अर्धी मिशी काढल्यासारखं दिसतं," म्हणायचा. पत्र्याच्या पेटीत तो कधी खिळा मारत नसे. एसी थरथरतो, त्याबरोबर चौकट रात्रभर वाजते. खिळे फक्त भिंतीत. पेटी आणि पट्टी यांच्यात नखाएवढी जागा ठेवायची, म्हणजे एसी साफ करायला बाहेर ओढता येतो. भिंत कुठे फुगलेली, कुठे खोल. पट्टी भिंतीला धरून तो पेन्सिल फिरवायचा आणि त्या रेघेवर रंधा मारत बसायचा, पट्टी भिंतीला सगळीकडून टेकेपर्यंत.

चौथ्या मजल्यावरच्या मिसेस पोमरँट्झना त्याचं हे काम बघायला आवडायचं. त्यांचा नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं, शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पाश्को वर आला की त्या त्याला चहा आणि मधाचा केक द्यायच्या. तो उभ्याउभ्याच खायचा आणि बशी स्वतः धुऊन ठेवायचा.

विक्तोर एकोणीस वर्षांचा असताना त्या उन्हाळ्यात बापाबरोबर फ्लॅट रंगवायला जायला लागला. मिसेस पोमरँट्झची झोपायची खोली रंगवून झाली, आणि आठवड्याभराने त्यांच्या लक्षात आलं की नवऱ्याचं मनगटी घड्याळ आणि त्यांची स्वतःची एक अंगठी कपाटावरच्या डबीत नाही. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं, आपणच कुठेतरी ठेवलं असेल.

अंगठी पाश्कोला सापडली. मुलाचे बूट दारातून बाजूला सारताना आत काहीतरी खुळखुळलं.

त्याने मुलाला मारलं नाही. मूठ मिटून तो चार जिने चढून गेला आणि मिसेस पोमरँट्झच्या दारात हात पुढे केला. "ही तुमची," तो म्हणाला. "घड्याळ त्याने विकलं. कुणाला विकलं, त्यालाही आठवत नाही. तुम्ही पोलिसांना बोलवा. तो खाली बसलाय. मी त्याला कुठे जाऊ देणार नाही."

मिसेस पोमरँट्झनी पोलिसांना बोलावलं नाही. पण त्या त्याला आत ये असंही म्हणाल्या नाहीत. अंगठी घेतली, दार लावलं, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज पाश्कोने बाहेर उभं राहून ऐकला. इतक्या वर्षांत तो समोर असताना त्यांनी कडी लावली नव्हती.

विक्तोरला मिशिगनला मामाकडे पाठवलं. इमारतीत गोष्ट पसरली, पण पाश्कोपुढे कुणी काढली नाही. बदल त्याच्यातच दिसायला लागला. सगळ्या फ्लॅटच्या जादा किल्ल्या त्याच्याकडच्या कपाटात असायच्या. त्या कपाटाला कुलूप लावून त्याची किल्ली त्याने लॉरेन स्काल्झोला नेऊन दिली. लॉरेन आमच्या इमारतीच्या रहिवासी समितीची अध्यक्ष. पोस्टात आयुष्य गेलेली, मोठ्या आवाजाची, मनाने चांगली बाई. "मी काय करू हिचं? रात्री कुणाचा नळ फुटला तर?" तिने विचारलं. "मला उठव आणि तू पुढे चल," तो म्हणाला.

त्यानंतर मालक घरात नसताना तो कुणाच्या उंबऱ्याच्या आत गेला नाही. मालक असला तरी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एवढंच. झोपायच्या खोलीत काम आहे म्हटलं की त्याला नेमकं त्याच वेळी बॉयलरकडे जायचं असायचं. कुणी पाणी विचारलं तरी नको म्हणायचा. चौकटीही बंद झाल्या. कुणी विचारलं तर म्हणायचा, "दुकानात प्लास्टिकच्या मिळतात आता. त्या लावा."

अशी दोनेक वर्षं गेली असतील. मग समितीने ठरवलं की सगळ्या इमारतीत एसी बदलायचे आणि आतून सगळीकडे एकसारखी तयार प्लास्टिकची चौकट बसवायची. लॉरेनने काम अर्थातच पाश्कोवर सोपवलं. "प्रत्येक भिंत तुझ्या ओळखीची आहे. मापं घे, तूच निवड, तूच मागव."

पाश्को हो म्हणाला. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

चौकटी आल्या तेव्हा तीसेक खोकी खाली प्रवेशदारातल्या लॉबीत रचून ठेवली होती. आम्ही सगळे हौसेने खाली उतरलो. पहिली चौकट दुसऱ्या मजल्यावर लावून बघितली, तर वरच्या बाजूला गिलाव्याचं भगदाड उघडंच राहिलं. दुसरी माझ्याकडे. ती खिडकीच्या चौकटीवर आदळली, बसेचना. तिसऱ्या मजल्यावर तर चौकटीने एसीची जाळीच झाकली. संध्याकाळपर्यंत एकही धड बसली नाही.

"ही माझ्या कुत्र्याच्या पिंजऱ्याला लावतो," पाचव्या मजल्यावरचे मिस्टर ओर्टिझ म्हणाले.

"कुत्रा सुद्धा नको म्हणेल," कुणीतरी मागून म्हणालं, आणि लोक हसले.

पाश्को खोक्यांच्या बाजूला उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. लॉरेनने विचारलं, "पाश्को, मापं कुठून घेतलीस?"

"चूक माझी आहे," तो म्हणाला.

"ते कळलं रे. पण झालं कसं? डोळे मिटून बसवणारा माणूस तू."

"चूक माझी. तुम्ही दुसरा माणूस बघा. आम्ही खोल्या रिकाम्या करतो."

"खोल्या कुठे आल्या मध्येच?"

तेवढ्यात मिस्टर ओर्टिझ म्हणाले, "माप घ्यायला हा माझ्याकडे आलाच नाही." मग माझ्या लक्षात आलं की माझ्याकडेही तो आला नव्हता. एकेकाने तेच सांगितलं. मी त्याला एकदा बाहेरच्या लोखंडी जिन्यावर टेप घेऊन भिंतीशी वाकलेला पाहिलं होतं, तेव्हा वाटलं होतं विटा तपासतोय. त्याने सगळी मापं बाहेरून घेतली होती. बाहेर सगळ्या जाळ्या एकसारख्या. आत कुणाचं भगदाड केवढं, कुणाची खिडकी किती जवळ, हे बाहेरून कुणाला कळणार? ते बघायला प्रत्येकाच्या झोपायच्या खोलीत जावं लागलं असतं.

मिसेस पोमरँट्झ टपालाच्या पेट्यांपाशी उभ्या होत्या. त्यांनी पाश्कोकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता. मग त्या लिफ्टने वर निघून गेल्या. पाश्को एकेक खोकं उचलून तळघरात न्यायला लागला. मी मदतीला हात लावला तर म्हणाला, "राहू दे. माझं आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मिसेस पोमरँट्झ तळघरात उतरल्या. हे मला नंतर द्रानेने सांगितलं. द्रानेने त्यांना खुर्ची दिली, छोट्या कपात कॉफी केली. पाश्को उभाच राहिला.

"बस ना," मिसेस पोमरँट्झ म्हणाल्या. "मान दुखते वर बघून."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

"माझ्या खोलीत फटीतून धूळ येते, पाश्को. मला ते प्लास्टिक नको. तू पूर्वी करायचास तशी लाकडाची चौकट हवी."

"मी दुसरा माणूस पाठवतो."

"मला दुसरा नको. उद्या सकाळी ये."

त्याने विचारलं, "तुम्ही घरात असाल?"

"असेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. पट्टीचे चार-पाच तुकडे बरोबर नेले होते. त्याने ते खिडकीच्या चौकटीशी एकेक करून धरून पाहिले आणि एक निवडला. माप घेतलं. तो वाकून पेन्सिल फिरवत असताना मिसेस पोमरँट्झ दारातून म्हणाल्या, "मी पाव घेऊन येते, तुझं चालू दे," आणि त्याने मान वर करायच्या आत त्या बाहेर पडल्या.

त्या परत आल्या तेव्हा फ्लॅटचं दार सताड उघडं होतं आणि पाश्को बाहेर पॅसेजमध्ये उभा होता. हत्यारांची पेटी पायाशी, रंधा हातात, पाठ समोरच्या भिंतीला. शेजारीण जाता-येता बघत होती. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"इथे काय करतोस?" मिसेस पोमरँट्झनी विचारलं.

"तुम्ही असाल म्हणालात."

"अरे, मी मुद्दाम गेले. तुला बरं वाटेल म्हणून."

"मला बरं नाही वाटलं," पाश्को म्हणाला. "तुम्ही गेलात आणि मला कपाटाकडे बघवेना. त्यावर डबी नाही, हे मी आत आल्याआल्या बघितलं होतं. मग वाटलं, मी ते का बघितलं?"

मिसेस पोमरँट्झच्या हातात पावाची पिशवी तशीच होती. डबी त्यांनी खरंच हलवली होती, हे त्यांनीच पुढे मला सांगितलं. अंगठी परत मिळाली त्याच रात्री डबी कपड्यांखाली दडवली होती. त्या सकाळीही, पाश्कोसाठी दार उघडायच्या आधी, ती जागेवर आहे ना हे त्यांनी चाचपून बघितलं होतं.

"मी ती लपवलीय," त्या म्हणाल्या. "तू येणार म्हणून सकाळी पुन्हा बघितली. मलाच लाज वाटली, म्हणून पाव आणायला गेले."

पाश्कोने मान हलवली. "मीही लपवली असती," तो म्हणाला.

"मग आता काय करायचं?"

"तुम्ही खोलीत बसा. मी काम करतो."

त्यांनी पलंगाशेजारी खुर्ची ओढली आणि बसल्या. त्याने रंधा मारला, कोपरे तिरके कापले, चौकट बसवली, फटीत पुट्टी भरून बोटाने पुसून घेतली. मिसेस पोमरँट्झनी केक पुढे केला तेव्हा त्याने नको म्हटलं, आणि त्यांनी आग्रह केला नाही.

खाली येऊन तो लॉरेनकडे गेला. "मी सगळ्यांच्या करून देतो, लाकडाच्या. पण एक अट आहे. काम चालू असेपर्यंत घरातलं माणूस त्याच खोलीत बसलं पाहिजे. उठायचं नाही."

"लोक कामाला जातात, पाश्को."

"मग ते घरी असतील तेव्हा मी येईन."

लोक कुरकुरले. मिस्टर ओर्टिझ म्हणाले, आपल्याच पलंगावर बसून पहारा काय द्यायचा. पण बसले. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळच्या जेवणाआधी पाश्को यायचा, आणि घरचं एक माणूस खुर्ची घेऊन बसायचं. माझ्याकडे आला तेव्हा मी बोलायचा प्रयत्न केला, हवेचं, खेळाचं. तो हूं हूं करत राहिला. एकदा शेजारच्या खोलीत फोन वाजला. मी उठलो, तसा त्याने रंधा खाली ठेवला आणि मी परत येईपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला. त्यानंतर फोन पुन्हा वाजला तेव्हा मी वाजू दिला.

उन्हाळा संपला, पानं गळाली, तरी काम चालूच होतं. चौकटी पूर्वीसारख्याच उत्तम झाल्या. पण लाज काही उतरली नाही. उंबऱ्याशी तो दरवेळी थांबायचा, आणि आत ये म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही.

पुढे एका नाताळात विक्तोर आईला भेटायला आला. तळघरातून तो वर यायचाच नाही. तिसऱ्या दिवशी आईने त्याला कचरा टाकायला पाठवलं, तेव्हा लिफ्टसमोर मिसेस पोमरँट्झशी त्याची गाठ पडली. मी टपाल काढत होतो. पोराने पिशव्या खाली ठेवल्या. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि रडायला लागला, मोठा दाढीवाला मुलगा. मिसेस पोमरँट्झ त्याच्या बाहीला हात लावून उभ्या राहिल्या.

पाश्को जिन्याच्या खालच्या पायरीवर आला होता. त्याने हे बघितलं. पुढे येईल असं मला वाटलं. तो वळला आणि खाली गेला. थोड्या वेळाने बॉयलरच्या खोलीतून झाडू मारल्याचा आवाज यायला लागला. सकाळीच त्याने ती खोली झाडून काढली होती.