तासगावहून पाण्यावाचून

शंकरभाऊजी सायकलसकट अंगणात कोसळले आणि उठेनात. चैत्रातली दुपार होती. मागचं चाक अजून फिरत होतं. मी नुकतीच आणलेली घागर खाली ठेवली आणि धावले. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. मला म्हणाले, "आये, बैलं सोड." मी त्यांची वैनी. त्यांची आई जाऊन चार वर्षं झाली होती... मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवरून ओरडले, "पाणी दिऊ नगंस! आदी घाम वाळू दे!" मी भाऊजींच्या पाठीला हात लावला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि पार कोरडं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण मामंजींसमोर मी कधी तोंड वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "आवं मामंजी, घाम हाय कुठं? हात लावून बघा की!"

हे भाऊजी गेल्या महिन्यात वारले. नव्वदी ओलांडली होती, झोपेत गेले, तक्रार करण्यासारखं काही नाही. तेराव्याला आलेले लोक म्हणत होते, विजापूरच्या शर्यतीत पहिले आले होते. पहिले नव्हे, तिसरे आले होते. पहिला नंबर ते स्वतःच सगळ्यांना सांगत आणि मी ऐकून घेत असे. आता खरं काय ते लिहिते. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढं पुरे.

स्वराज्य मिळण्याच्या आदल्या वर्षी साताऱ्याच्या एका तालमीनं पैज पुकारली. साताऱ्याहून सांगलीमार्गे विजापूर गाठायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं, सायकलवर, पाच दिवसांत. आमचं घर रहिमतपूरचं. माझे मालक फौजेत, दोन चुलतदीर फौजेत. भाऊजींची मात्र छाती बोटभर कमी भरली आणि भरतीवाल्यांनी त्यांना परत पाठवलं. तेव्हापासून पारावरची माणसं विचारत, "काय शंकरराव, आज कुठली लढाई? गोठ्यातली का मळ्यातली?" भाऊजी हसत, पण त्या दिवशी भाकरी कमी खात. ही शर्यत त्यांना काहीही करून पुरी करायची होती.

मामंजी गावच्या तालमीचे वस्ताद. सायकलची तयारी कशी करायची हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी कुस्तीची करून घेतली. पहाटे जोर आणि बैठका, मग दूध, बदाम, तूप. तालमीचा एक कायदा होता, घाम वाळेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. घामात पाणी प्यालं तर छातीत भरतं, असं सगळेच वस्ताद सांगत. तालमीत घाम तासाभरात वाळतो. सायकलवर तो दिवसभर वाळत नाही, म्हणजे दिवसभर पाणी नाही. एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही, माझ्याही नाही. तासगाव माझं माहेर. भाऊजी एका दिवशी तिथवर जात, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत येत. माझी आई त्यांना म्हणायची, "आवं, बैलाला बी वाटंत पाणी दावत्यात. तुमी काय बैलापरीस मोठं?" भाऊजी म्हणायचे, "मावशी, वस्तादाचा हुकूम हाय." तो हुकूम पाळत ते त्या दुपारी तासगावहून आले होते.

माझं बोलणं ऐकून मामंजी ओसरीवरून खाली आले, पोराच्या पाठीवर हात ठेवला... हात तिथंच राहिला. मग हळू आवाजात म्हणाले, "आण ती घागर." आम्ही दोघांनी भाऊजींना ओढत गोठ्याच्या सावलीत नेलं, अंगावर पाणी ओतलं, ओलं लुगडं टाकून सुपानं वारा घातला. गिळता यायला लागलं तसं मीठ-गुळाचं पाणी घोटाघोटानं दिलं. दिवस कलताना त्यांनी मला ओळखलं. पहिलं विचारलं, "वैनी, सायकल मोडली का वं?" मी म्हणाले, "सायकलीला काय हुतंय? तुमचंच डोकं तपासून घ्या."

आठ दिवस मामंजी तालमीकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी मालकांनी रजेवर आले तेव्हा घरी ठेवलेली फौजेतली पाण्याची बाटली माझ्याकडून मागून घेतली आणि भाऊजींच्या गळ्यात अडकवली. "दर मैलाच्या दगडाला घोट घ्यायचा. न्हाई घेतलास तर घरात पाय ठिवू नगंस." शर्यतीच्या दिवशी ते स्वतः साताऱ्याला गेले. सात गडी निघायचे होते, सगळे तालमीतले, सगळ्यांना तोच कायदा. मामंजींनी सगळ्या वस्तादांसमोर सांगितलं, "माझं चुकलं. माझा पोरगा मरत हुता. पोरांस्नी वाटंत पाणी पिऊ द्या." एक वस्ताद हसला. "आता तालीम सुनंच्या हुकमानं चालायची काय?" मामंजी म्हणाले, "व्हय. तिनं हात लावून बघितलं. मी न्हाई बघितलं." ते ऐकून कुणी हसलं नाही, असं भाऊजी सांगत. आणि ह्या बाबतीत मी त्यांच्यावर विश्वास ठेवते, कारण ह्यात त्यांची स्वतःची फुशारकी काही नव्हती.

सांगलीच्या पुढं विजापूरपर्यंत नुसता उघडा माळ, वर वैशाखाचं ऊन. दोघांनी वाटेत शर्यत सोडली, पाच जण पाचव्या दिवशी साताऱ्यात पोचले. निघाले होते सात. सातही जण जिवंत घरी आले.