पहिल्या नंबरचं तिकीट

चष्म्याच्या दुकानात पुढे काउंटरवर हसून बोलणाऱ्यांना सगळे ओळखतात, मागे पडद्याआड काचा घासणारीला कोण विचारतं? पण या दुकानात उलटी गंगा वाहायची. लोक आत यायचे, काउंटरवरच्या मालकाला ओलांडून पडद्याआड डोकावायचे आणि विचारायचे, ‘ताई, या रविवारी कोण?’ मालक कपाळाला हात लावायचा. पण विचारायला आलेला निदान दांडी तरी घट्ट करून जायचा, म्हणून तो गप्प बसे.

तिला सगळे चारवाल्या ताई म्हणायचे. महिन्यातून दोन रविवारी दुपारी चारच्या ठोक्याला ती फरशीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये एखादा बँड उभा करायची. साठ खुर्च्या, दोन स्पीकर आणि एक मंच, तोही फरशीच्या खोक्यांवर फळ्या टाकून केलेला. रविवारी चार वाजता लोक जेवून लोळत पडतात, तेव्हा कोण येणार, असं सुरुवातीला सगळ्यांनी तिला ऐकवलं. ती म्हणाली, ‘लोळून कंटाळलेले येतील.’ आणि आले की!

तिचे नियम कडक होते. गाणी स्वतःचीच हवीत. दुसऱ्यांची वाजवायची तर लग्नं काय कमी आहेत? चार म्हणजे चार. एकदा समोर तीनच माणसं होती, त्यातला एक तर पंखा दुरुस्त करायला आलेला, तरी चारला ड्रमवर काठी पडली. तो पंखेवाला शेवटपर्यंत बसला आणि तेव्हापासून आजतागायत चुकलेला नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे कुठल्याही बँडला रेकॉर्डिंग ऐकून बोलवायचं नाही. ‘फोनवर सगळेच गोड लागतात,’ असं तिचं म्हणणं. बँडवाले तासावर भाड्याने घेतात त्या सरावाच्या खोलीबाहेर ती जिन्यात उभी राहून ऐकायची. दार वाजवायची नाही. आपल्याला कोणी ऐकत नाही असं वाटतं तेव्हा माणूस खरा वाजवतो, म्हणे. आवडलं तर दारावरच्या पाटीवर त्या वेळेला कोणाचं नाव आहे ते बघायचं, चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवायची, की झालं आमंत्रण. अकरा वर्षांत तिचा कान एकदाही चुकला नव्हता. काच किती घासली गेली हे चाकाच्या आवाजावरून तिला डोळ्यांच्या आधी कळायचं, आणि ते ती कोणालाही ऐकवायला कमी करायची नाही.

हे सगळं सुरू कसं झालं? त्याआधी ती नुसती ऐकणारी होती. कुठल्याशा हॉटेलच्या गच्चीवर पोरं वाजवायची, तिथे ही दर आठवड्याला हजर. गच्ची बंद झाली तशी ती घरी रोज कुरकुर करायला लागली, की आता कोणी काही करत नाही. एके दिवशी नवरा वैतागून म्हणाला, ‘मग तूच कर.’ बिचाऱ्याला दुपारची झोप हवी होती, एवढंच. त्या एका वाक्याची शिक्षा म्हणून तो अकरा वर्षं रविवारी दाराशी बसून तिकिटं फाडतोय.

तिची आणखी एक रीत होती. प्रत्येक कार्यक्रमाचं एक नंबरचं तिकीट ती स्वतः विकत घ्यायची. ‘फुकट ऐकणाऱ्याला नावं ठेवायचा हक्क नसतो,’ ती म्हणायची, आणि नावं ठेवायला तर तिला फार आवडायचं. पण त्या तिकिटाच्या खुर्चीवर, पहिल्या रांगेतल्या अगदी कडेच्या, ती कधीही बसली नाही. भिंतीला टेकून, बटणांच्या बोर्डापाशी उभी असायची, कुठे काय बिघडतंय यावर डोळा ठेवून.

फरशीचं दुकान आणि वरचा हॉल दोन्ही तिच्या दिराचं. दीर माणूस सरळ, पण गाणं म्हटलं की त्याच्या लेखी पालथ्या घड्यावर पाणी. धंदा वाढला, खोके ठेवायला जागा पुरेना, आणि त्याची नजर छताकडे जायला लागली. एका सकाळी तो तिच्या घरी आला आणि चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, ‘वहिनी, मला हॉल लागणार.’

‘किती दिवसांसाठी?’

‘कायमचा.’

तिने आरडाओरडा केला नाही. ती म्हणाली, ‘भाऊजी, तुम्हाला वाटतं वर चारदोन टवाळ पोरं बसतात. या रविवारी या आणि खुर्च्या बघा.’

‘येतो,’ दीर म्हणाला. ‘साठच्या साठ भरलेल्या दिसल्या तर पुढचं वर्षभर नाव काढणार नाही. एक जरी रिकामी दिसली तरी सोमवारी खोके वर. आहे कबूल?’

‘कबूल,’ ती म्हणाली. नवऱ्याने तोंडातला चहात बुडवलेला बिस्किटाचा तुकडा तसाच गिळला.

ती बेफिकीर होती त्याला कारण होतं. आदल्याच शनिवारी तिने जिन्यात एक आवाज ऐकला होता. एक बाई गात होती, खालच्या पट्टीत, अजिबात जोर न लावता, आणि गाण्यात काही मोठं नव्हतं, घर बदलताना मागे राहिलेल्या एका खिळ्याबद्दल होतं. ताईच्या अंगावर काटा आला होता. पाटीवर नाव होतं ‘ओला रंग’. तिने चिठ्ठी सरकवली आणि सोमवारपासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तेच. नजर तपासायला आलेल्याला अक्षरं वाचून होईपर्यंत त्या बाईचं वर्णन ऐकावं लागायचं. दीर घडी होत नसलेला चष्मा घेऊन आला, त्यालाही तिने सोडलं नाही. गुरुवारपर्यंत साठ तिकिटं संपली, एक नंबरचं धरून.

रविवारी ‘ओला रंग’ बँडचा टेम्पो वाटेत पंक्चर झाला. चारला वीस मिनिटं असताना चौघं धापा टाकत जिना चढून आले. चार बाप्ये, सगळे चाळिशीपुढचे. ड्रम वाजवणारा दवाखान्यात कंपाउंडर होता, त्याने हातातला ड्रम खाली ठेवून नमस्कार केला.

ताईने त्यांच्या मागे जिन्यात वाकून बघितलं. ‘आणि त्या?’

‘कोण त्या?’

‘गाणाऱ्या.’

‘आम्हीच गातो. चौघंही.’

‘मागच्या शनिवारी खोलीत बाई गात होती ना?’

कंपाउंडर डोकं खाजवायला लागला. ‘मागच्या शनिवारी आम्ही नव्हतोच. आमच्या गिटारवाल्याची दाढ काढली होती. आमची वेळ आम्ही दुसऱ्या कोणाला तरी दिली. नंतर गेलो तर दारात तुमची चिठ्ठी. आम्ही म्हटलं, चारवाल्या ताईंनी आपल्याला ऐकलं.’ बाकीचे तिघं जमिनीकडे बघत होते. ‘सहा वर्षं वाट बघत होतो, ताई.’

ज्या कानाचा तिला एवढा दिमाख, तो चुकला नव्हता. चुकली होती पाटी, आणि पाटीवर डोळे मिटून विश्वास ठेवणारी ती. दार एकदा वाजवलं असतं तर? तिला स्वतःचाच राग आला. खुर्च्या भरत होत्या. पंखेवाला येऊन बसला होता. दाराशी दीर हाताची घडी घालून उभा होता.

नवरा कानाशी लागला. ‘काही बोलू नकोस. यांनाच वाजवू दे. कोणाला काय कळतंय?’

‘लोक त्या बाईसाठी आलेत.’

‘आणि सांगितलंस आणि उठून गेले तर? एक उठला तरी हॉल गेला.’

‘हॉल राहिला आणि माझा शब्द गेला, तर त्या हॉलात मी काय करू, फरशा पुसू?’ ती म्हणाली आणि चार वाजले तशी मंचावर चढली.

मंचावर ती अकरा वर्षांत पहिल्यांदा चढत होती. ‘मी तुम्हाला एका बाईच्या आवाजाबद्दल सांगितलं होतं,’ ती म्हणाली. ‘ती बाई यांच्यात नाही. मी दाराबाहेरून ऐकलं आणि पाटी वाचून भलत्यांनाच बोलावलं. चूक माझी. या चौघांना मी कधी ऐकलेलं नाही, त्यामुळे ते चांगले आहेत असं मी सांगणार नाही. जायचं असेल त्याने आत्ता जावं, दाराशी पैसे परत मिळतील. राहणाऱ्याने माझ्याबरोबर पहिल्यांदा ऐकावं.’

मधल्या रांगेत जाड भिंगांचे एक आजोबा होते, तिचं जुनं गिऱ्हाईक. ते म्हणाले, ‘ताई, कानाला नंबर लागला वाटतं.’

हॉल हसला, तीही हसली. तेवढ्यात चौथ्या रांगेतला एक माणूस उठला. सगळ्यांच्या माना वळल्या. दिराने हाताची घडी सोडली. त्या माणसाने अंगातलं जाकीट काढलं, खुर्चीच्या पाठीला अडकवलं आणि परत बसला. नवऱ्याने दाराशी सुस्कारा सोडला तो पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आला.

ती उतरून बोर्डाकडे निघाली तर दीर आडवा. तो हळूच म्हणाला, ‘वहिनी, मी मोजल्या. एकोणसाठ. ती एक रिकामी आहे.’ बोट पहिल्या रांगेच्या कडेला.

तिची खुर्ची.

‘ती माझी आहे,’ ती म्हणाली. पर्समधून तिकीट काढून तिने त्याच्या हातात ठेवलं, एक नंबर. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं. ‘मग बस ना,’ तो म्हणाला, ‘रिकामी म्हणजे रिकामी.’

‘आणि बोर्ड?’

‘दुकानातले सगळे दिवे मीच लावतो. चार बटणं मला सांभाळता येतात.’

ती बसली. खुर्ची कडक होती. अकरा वर्षं लोक असल्या खुर्च्यांवर कसे बसत होते, तिला आश्चर्य वाटलं. पहिलं गाणं जेमतेम झालं. गिटारवाला दोनदा सूर चुकला. दुसरं बरं. मग तिसऱ्याला चौघं एकदम गायला लागले, अडकलेलं दार चौघांनी मिळून ढकलावं तसे, आणि दार उघडलं. रोज वाटेत भेटणाऱ्या पण नाव माहीत नसलेल्या माणसाचं ते गाणं होतं. तिला पुढची ओळ माहीत नव्हती. दर कार्यक्रमाला ती सगळं आधी ऐकून आलेली असायची, कुठे टाळी पडणार हेसुद्धा तिला ठाऊक असायचं. आज तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं, आणि तिला इतका आनंद झाला की गच्चीवरचे ते जुने दिवस आठवून तिचे डोळे भरले. ती चष्मा काढून पुसायला लागली, तर मागून आजोबा म्हणाले, ‘राहू दे, ऐकायला चष्मा लागत नाही.’

शेवटी टाळ्या थांबल्यावर तिने चौघांना गाठून सांगितलं की पाचवं गाणं टाकाऊ आहे आणि तिसरं पुन्हा ऐकायला ती पैसे देऊन येईल. कंपाउंडरने दोन्ही वाक्यांना सारखीच मान डोलावली. मग तिने विचारलं, त्या शनिवारची वेळ त्यांनी कोणाला दिली होती. त्यांना नाव ठाऊक नव्हतं. खोलीवाल्याला ठाऊक असेल म्हणाले.

खुर्च्या रचून झाल्यावर दीर बोर्डापाशीच रेंगाळत होता. ‘साठ भरल्या,’ तो म्हणाला. ‘शब्द म्हणजे शब्द. वर्षभर हॉल तुझा.’

‘माहीत आहे,’ ती म्हणाली.

तो तरी हलेना. ‘ती खिळ्यावाली बाई,’ तो म्हणाला. ‘ती मग कधी येणार?’

त्या दिवशी चष्म्याच्या काउंटरवर उभं राहून तिचं वर्णन ऐकताना हा माणूस नुसता मान हलवत होता, असं तिला वाटलं होतं.

‘शनिवारी जाते,’ ती म्हणाली. ‘या वेळी दार वाजवते.’

‘मग मला एक तिकीट ठेव. एक नंबरचं.’

‘एक नंबरचं माझं असतं, भाऊजी. आणि आता मी बसणार आहे. तुम्हाला दोन नंबरचं.’

दिराने मनातल्या मनात काहीतरी मोजलं. ‘मग बोर्डाशी कोण?’ त्याने विचारलं. ती उत्तर द्यायच्या आत दाराकडे बघून तोच म्हणाला, ‘दादा आहे की. तिकिटं फाडून झाली की तो मोकळाच असतो.’