कानसेनांची ट्रायल

त्यांचं खरं नाव गिऱ्हाइकांपैकी क्वचितच कुणाला ठाऊक होतं. सगळे त्यांना कानसेन म्हणत. गाणारा तानसेन नसेल, तर माणसानं निदान ऐकणारा कानसेन तरी असावं म्हणतात. यांचं ऐकणं मात्र इंजिनापुरतं होतं. गाडी फाटकातून आत वळायच्या आधीच हातातला पाना खाली ठेवून ते म्हणायचे, "हिचा पाण्याचा पंप जायला आलाय." बॉनेट उघडायचं ते नंतर, गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

गॅरेज घराला लागूनच होतं. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडून दोन पायऱ्या उतरलं की पाय थेट ग्रीसच्या डागांवर. बायको इस्पितळात टेलिफोनच्या बोर्डावर नोकरीला होती. फोन उचलल्यावर समोरचा माणूस तोंड उघडायच्या आत, नुसत्या श्वासावरून तिला कळायचं की याला चौकशी खिडकीला जोडायचं की थेट अपघात विभागाला. घरात असे दोन तिखट कान, त्यामुळे एकुलत्या एक मुलीचं बालपण कुजबुजीविना गेलं. ती म्हणायची, "आपल्या घरात भिंतींना कान असायची गरजच नाही."

बायकोकडे लायसन्स होतं, पण नवऱ्याला शेजारी बसवून गाडी चालवायची नाही, असं तिनं लग्नानंतर लवकरच ठरवून टाकलं होतं. ती गिअर बदलायची आणि हे शेजारी बसून दातांतून हवा ओढायचे. "क्लच पूर्ण दाब! गिअर रडतोय, ऐकू येत नाही का?" एकदा भर रस्त्यात तिनं गाडी कडेला घेतली, किल्ली त्यांच्या मांडीवर टाकली आणि समोरून आलेल्या बसमध्ये चढून निघून गेली. तेव्हापासून एकत्र कुठं जायचं झालं की चाक यांच्या हातात. लायसन्सची मुदत मात्र ती दर वेळी न चुकता वाढवून घ्यायची.

कान गेले ते काही एका दिवसात नाही गेले. आधी बारीक आवाज गेले. सैल पट्ट्याची चिरचिर गेली, मग इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेटची टिकटिक. कानसेनांना वाटलं, कंपन्या सुधारल्या. "हल्लीच्या गाड्या मुक्या झाल्यात," असं ते मोठ्या खात्रीनं सांगायचे. फोन वाजत राहायचा, हे शेजारी बसून चहा प्यायचे. बायको सेवानिवृत्त होऊन घरी बसू लागली तेव्हा तिच्या ते ध्यानात आलं, पण ती काही बोलली की हे म्हणत, "तू बोर्डावर हळू बोलायला शिकलीस, त्याला मी काय करू?"

मग बेकरीवाल्या बाईंचं प्रकरण झालं. रोज पहाटे भाजलेला पाव त्या स्वतःच्या छोट्या व्हॅनमधून दुकानादुकानांत पोचवायच्या. पुढच्या चाकाकडून काहीतरी आवाज येतोय म्हणून त्यांनी व्हॅन आणून दिली. कानसेनांनी ती गल्लीतून एक फेरी फिरवली आणि ठणठणीत आहे म्हणून परत केली. त्याच आठवड्यात चाकाचं बेअरिंग अडकलं आणि व्हॅन चौकात आडवी उभी राहिली. कुणाला लागलं नाही, पण बाई तडक गॅरेजात आल्या.

"मिस्त्री, अख्ख्या गल्लीला घरघर ऐकू येत होती. तुम्हालाच नाही आली?"

कानसेन खाली मान घालून म्हणाले, "बदलून देतो." बाकी काही नाही. जेवायला बसल्यावर बायकोनं विचारलं, "खरंच आली नाही ना?" त्यांनी तोंडातला घास गिळला आणि 'नाही' अशी मान हलवली.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून मशीन दिलं. घरात त्याचा उपयोग झाला. दाराची बेल कळू लागली, बायकोची वाक्यं पुरी ऐकू येऊ लागली. गॅरेजात मात्र ते नकोसं झालं. पाना फरशीवर पडला की डोक्यात परात आपटल्यासारखं व्हायचं. कॉम्प्रेसर सुरू झाला त्या दिवशी तर त्यांनी ते उपटून खिशात टाकलं. आवाज मोठे झाले होते, पण एका आवाजातून दुसरा वेगळा काढायची जी खुबी होती, ती काही परत आली नव्हती. गॅरेज बंद करावं असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. तसं ते कुणाला म्हणाले नाहीत. फक्त दुरुस्तीला नव्या गाड्या घ्यायचं टाळू लागले.

मुलगी परगावी नोकरीला होती. सुट्टीत आली तेव्हा तिनं पर्समधून एक काळी डबी काढली, जेमतेम काडेपेटीएवढी. बाजारात मिळते त्यातली सगळ्यात स्वस्त. ती तिनं आपल्या गाडीच्या स्टिअरिंगखाली, गुडघ्यापाशी असतो त्या सॉकेटमध्ये बसवली आणि फोन बापापुढे धरला. पडद्यावर इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, बॅटरीचा दाब, सगळं हलताना दिसत होतं.

"बाबा, ही गाडीशी बोलते."

"बरं. मी जन्मभर दुसरं काय केलं?"

"तुम्हाला हल्ली ऐकू येत नाही, बाबा. हिला येतं."

एवढं सरळ त्यांना आजवर कुणी बोललं नव्हतं. ते उठून बाहेर गेले, हात धुऊन परत आले आणि म्हणाले, "परत दाखव. हळू दाखव."

फोनची आणि त्यांची गट्टी जमायला वेळ लागला. बोटांना ग्रीस, त्यामुळे पडदा दाद देईना. म्हणून एक करंगळी तेवढी कोरडी ठेवायची त्यांनी सवय लावून घेतली. डबीही स्वस्तातली. मधेच तोंड फिरवायची, मग काढून पुन्हा बसवावी लागायची. काही गाड्यांशी तिचं जमायचंच नाही. पण सुरुवातीला यश आलं. एक गाडी थरथरत आली, डबीनं बिघाडाचा कोड दाखवला, दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही. कॉइल बदलली, गाडी शांत. कानसेनांना हायसं वाटलं. कान गेले तर गेले, डोळे शाबूत आहेत.

बेकरीवाल्या बाई परत आल्या त्या नाइलाजानं. दुसरं गॅरेज लांब होतं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता आणि चढावर व्हॅन दम टाकत होती. कानसेनांनी डबी लावली. कोड होता: मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. धूर तपासणारा सेन्सर खोटं सांगत असणार, असं धरून त्यांनी तो बदलला, कोड पुसून दिवा घालवला आणि व्हॅन दिली. दोन दिवसांनी व्हॅन दारात उभी आणि दिवा चालू. बाई या वेळी ओरडल्या नाहीत. नुसती किल्ली बाकावर ठेवून गेल्या. ते जास्त लागलं.

"डबी खोटारडी आहे," ते स्वयंपाकघरात येऊन म्हणाले.

बायको भांडी पुसत होती. तिनं त्यांच्या समोर येऊन, ओठ दिसतील असं उभं राहून विचारलं, "ती नेमकं काय म्हणाली?"

"पेट्रोल कमी पडतंय."

"मग खोटं काय बोलली? अहो, बोर्डावर लोक फोन करून म्हणायचे, पोटात दुखतंय. म्हणून मी सगळ्यांना पोटाच्याच डॉक्टरला जोडायची का? आधी विचारायची, केव्हा दुखतं? काय करताना दुखतं?"

कोड ही नुसती तक्रार, कारण नव्हे. हे कानसेनांना कळायला हवं होतं. कान धड असते तर ते गाडी घेऊन चढावरच गेले असते, गॅरेजात उभं राहून सेन्सर बदलत बसले नसते.

"चढावर न्यायला हवी," ते म्हणाले. "चालताना आकडे बघायला हवेत. मी चालवतो, तू फोन धर आणि मला सांग."

"ओरडून सांगू? आणि ऐकणार कोण?"

"मग?"

"चालवते मी."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं हात पुसले, कपाटातून पर्स घेतली आणि पायऱ्या उतरून सरळ चालकाच्या जागेवर जाऊन बसली.

पहिल्याच वळणावर गिअर असा खरखरला की पानवाल्यानं मान वर करून बघितलं. बायकोनं श्वास रोखून शेजारी नजर टाकली. कानसेन पडद्यात डोकं खुपसून बसले होते.

"काही म्हणाला नाहीत?" तिनं विचारलं.

"काय?"

"काही नाही. तेवढं एक बरं झालं."

ती स्वतःशीच हसली आणि दुसरा गिअर जरा सफाईनं पडला.

कानसेन एकाच आकड्यावर नजर ठेवून होते. इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय असं वाटलं की गाडीतला संगणक आपणहून जास्त सोडायला लागतो. नेहमीपेक्षा किती टक्के जास्त, ते हा आकडा सांगतो. सपाट रस्त्यावर तो तीन-चारच्या आसपास घुटमळत होता. कुठून हवा चोरून आत शिरत असती तर गाडी उभी असतानाच तो वर गेला असता, हे त्यांनी मनाशी ताडलं. टेकडीवरच्या वस्तीकडे जाणारा चढ लागला तसा आकडा चढू लागला. आठ, बारा, सतरा. व्हॅन जड झाली. बायकोनं पाय दाबला, आकडा विसाच्या पुढे गेला, पण जोर वाढेना.

तेवढ्यात तिनं त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. दुसरा हात स्टिअरिंगवरून काढता येत नव्हता, म्हणून आधी अंगठ्यानं मागे खूण केली, मग त्याच हाताची बोटं कानापाशी थरथरवली.

"मागे? काय मागे? डास?"

तिनं जोरजोरात मान डोलावली.

कानसेनांनी फोन मांडीवर ठेवला. मागे पावाच्या रिकाम्या ट्रेंखाली पेट्रोलची टाकी होती आणि टाकीत पंप. उपाशी पंप डासासारखाच गुणगुणतो. तो आवाज त्यांनी शेकडो वेळा ऐकला होता. आता तो बायकोच्या बोटांतून पोचला.

"वळव," ते म्हणाले. "घरी चल. सापडलं."

टाकीतून पंप बाहेर काढला तेव्हा त्याच्या तोंडाची जाळी काळपट गाळानं बुजून गेली होती. सपाट रस्त्यावर पुरेल एवढं पेट्रोल त्यातून झिरपत होतं, चढावर लागतं तेवढं नाही. ओढून ओढून पंपही कामातून गेला होता. टाकी धुतली, पंप आणि जाळी दोन्ही नवी घातली. पुन्हा तोच चढ, पुन्हा बायकोच चाकावर. आकडा पाचाच्या वर गेला नाही, आणि तिनं बोटं हलवली नाहीत.

बाई व्हॅन न्यायला आल्या तेव्हा कानसेनांनी कानातल्या मशीनवर बोट ठेवलं.

"ताई, मला ऐकू येत नाही. तेव्हा बेअरिंगही ऐकू आलं नव्हतं. मी तसं सांगायला हवं होतं."

बाई त्या मशीनकडे बघत राहिल्या. "मला वाटलं, बाईमाणूस म्हणून तुम्ही माझं बोलणं उडवून लावलंत," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा बहिरे परवडलात."

यावर हसावं की नाही हे कानसेनांना कळेना. बायको मात्र दारात उभी राहून मोकळेपणानं हसली.

त्यानंतर ट्रायल दोघांनी मिळून मारायची, असा प्रघात पडला. चाक तिच्याकडे, फोन यांच्याकडे. काही गिऱ्हाइकं तुटली. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी द्यायची नाही म्हणाली. बरीचशी टिकली. कानसेन हे नाव कुणी बदललं नाही. भांडणं व्हायची ती शब्दांवरून. ती म्हणायची "कुरकुरतंय", हे विचारायचे, "कुरकुरतंय की करकरतंय? नीट सांग, एक रबराचं असतं, एक लोखंडाचं." ती म्हणायची, "मग स्वतः ऐका!" आणि गाडी तशीच पुढे हाकायची.

एकदा एक म्हातारे गृहस्थ आपल्याइतकीच म्हातारी मोटार घेऊन आले. कानसेनांनी वाकून स्टिअरिंगखाली हात फिरवला आणि ते सरळ झाले.

"हिला सॉकेटच नाही," ते म्हणाले. "आणि मला कान नाहीत. आमचं दोघांचं जमायचं नाही, काका."

गृहस्थांचा चेहरा उतरला. बायकोनं पदर खोचला, कानसेनांच्या हातातला टॉर्च घेतला आणि बॉनेट वर करून आत वाकली. "चालू करा," तिनं सांगितलं. गृहस्थांनी किल्ली फिरवली, इंजिन धडधडू लागलं, आणि त्यांनी मधूनमधून वेग वाढवला. तिनं बराच वेळ कान दिला, मग मान वळवून नवऱ्याला दिसेल असं, एक-एक अक्षर तोडून म्हणाली, "टक-टक. डावीकडून. वेग वाढला की वाढतं."

"वरून की खालून?"

ती पुन्हा वाकली. कानसेन पान्यांच्या ट्रेकडे गेले आणि टॅपेटला लागणारा बारीक पाना शोधू लागले.