पाच बहिणींचं कीर्तन

मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील बँकेत अधिकारी, बदलीवर कोलकात्याला आलेले आणि कर्मचारी संघटनेचं काम करणारे. घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि मागण्यांचे गठ्ठे जास्त. त्यामुळे असेल, पण कुठलीही कथा ऐकताना मी आधी बघते, यात कुणाचा हक्क मारला जातोय.

बालीगंजच्या आजींशी माझं भांडण झालं ते याच सवयीमुळे.

त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, वडिलांच्या ओळखीच्या. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. यजमानांच्या नोकरीपायी तरुणपणी इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांच्या समाजात बायबलातल्या कथा मराठी कीर्तनातून सांगायची रीत होती. पेटी, झांजा, साक्या, सगळं. आजींनी ते सासूबाईंकडून उचललं होतं. आता बंगळुरूची लेक त्यांना कायमची न्यायला येणार होती. लेकीला कीर्तन येत नाही आणि नातीला मराठीच येत नाही. जाण्याआधी मराठी समजणाऱ्या माणसांसमोर एकदा इस्राएलाच्या बारा वंशांचं कीर्तन करायचं, एवढंच आजींच्या मनात होतं. शहरातल्या मराठी घरांत वाटायचं पत्रक मी लिहावं असं ठरलं.

एका संध्याकाळी सेक्टर फाइव्हमधलं ऑफिस सुटल्यावर मी वही घेऊन गेले. आजी बोटांवर वंश मोजत होत्या. रऊबेन, शिमोन, लेवी, यहूदा.

"बारा म्हणतात, पण मोजायला बसलीस की तेरा भरतात," त्या म्हणाल्या. "योसेफाचे दोन झाले ना, एफ्राईम आणि मनश्शे. मग लेवीला जमीन नाही, त्याने देवाचं काम करायचं. झाले की नाही पुन्हा बारा?"

"यातला तुमचा कोणता?"

"ते कोण सांगणार? अलिबागजवळ गलबत फुटलं, पोथ्या बुडाल्या, मूठभर माणसं काठाला लागली, अशी आमच्यात गोष्ट आहे. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचा, तेवढं लक्षात राहिलं. वंशाचं नाव गेलं पाण्यात."

हे मी भराभर लिहून घेतलं. मग त्या वाटणीवर आल्या. कुठल्या वंशाला कुठली जमीन, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं.

मी पेन खाली ठेवलं. "आजी, त्या जमिनीवर आधी कोणी राहत नव्हतं का?"

"होते की. कनानी होते."

"मग मी हे पत्रक लिहिणार नाही. राहत्या माणसांना हुसकून केलेल्या वाटणीची मी जाहिरात करणार नाही."

आजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "अगदी वडिलांवर गेलीस. पण ते निदान चहा पिऊन संपावर जायचे."

मी चहा न पिता निघाले. दोन आठवडे मी तिकडे फिरकले नाही. शेवटी त्यांचाच फोन आला. "पत्रक नको लिहूस. पण कीर्तनाला ये आणि तुझा प्रश्न उभी राहून विचार. आधी ऐकायचं मात्र."

प्रश्न विचारायची मुभा असेल तर मला लिहिता येणार होतं. ऑफिसातून घरी परतताना बसमध्येच पत्रक झालं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, "श्रोत्यांना प्रश्न विचारता येतील." छापून आजींना दाखवलं, तर त्या हसायलाच लागल्या.

"शनिवारी संध्याकाळी सहा? मी शनिवारी पेटी लावली तर सासूबाई वरून खाली उतरतील."

घाण्याची गोष्ट माझ्याच वहीत होती. मी तिथेच बसून प्रत्येक पत्रकावर पेनाने शनिवारचा रविवार केला. त्या दिवशी चहा दोनदा प्यायले.

रविवारी सव्वासहापर्यंत आजींच्या घरी सहाच माणसं आली होती. पेटीवर समोरच्या घरातल्या गाणं शिकवणाऱ्या बंगाली बाई होत्या. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, आजींच्या हनुवटीकडे बघून त्या सूर धरत होत्या. आजी दाराकडे बघत झांजा पुसत होत्या. मग सॉल्ट लेकची मंडळी आली, बराकपूरहून एक कुटुंब लोकलने आलं, आणि शेवटी पलंग उचलून गॅलरीत ठेवावा लागला.

वंश मोजून झाल्यावर आजी मनश्शेच्या वंशातल्या पाच बहिणींवर आल्या. बाप वारला, भाऊ नाही, म्हणून त्यांच्या घराला वाटणीत जागा नाही. पाचही जणी सगळ्या समाजासमोर उभ्या राहिल्या आणि मोशेला म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं? मी ताठ बसले. हे तर पत्रक होतं.

"मोशे केवढा माणूस," आजी म्हणाल्या, "समुद्रातून वाट काढलेला. पण पाच पोरींपुढे म्हणाला, थांबा, मी विचारून येतो." लोक हसले. "आणि देव म्हणाला, पोरींचं बरोबर आहे. नियम बदला."

झांजा खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता आमच्या पत्रकवालीचा प्रश्न."

मी उठले. आजींकडे बघत विचारलं. ज्यांची जमीन वाटली गेली ते कुठे उभे राहणार होते? पुढे बसलेले एक गृहस्थ पुटपुटले, "कीर्तनात कशाला हे?"

"विचारू दे हो," आजी म्हणाल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. बंगाली बाईंनी पेटीचा भाता धरून ठेवला होता. "मला उत्तर येत नाही, पोरी. आमच्या सासूबाईंना कोणी विचारलंच नव्हतं. मोशेसारखं मीही म्हणते, थांब."

नंतर मलिदा, म्हणजे गोड पोह्यांत ओलं खोबरं आणि खजूर घातलेला त्यांचा प्रसाद, ताटल्यांत वाढताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुझा प्रश्न पाच बहिणींच्या पाठोपाठ लिहून ठेव. पुढच्या कीर्तनात सहावी उभी राहते असं सांगायचं."

"पुढचं कीर्तन कोण करणार?"

त्यांनी पदराला हात पुसले आणि सासूबाईंची कीर्तनाची वही माझ्या हातात दिली. "चाली फोनवर शिकवीन. शनिवारी केलास तर उचलणार नाही."

आजी बंगळुरूला गेल्या. मी दर रविवारी त्यांच्या जुन्या घरासमोर, बंगाली बाईंकडे, पेटीपाशी बसते. फोन मध्ये ठेवलेला असतो. माझा सूर अजून लेवीपर्यंतच पोचलाय. सहावीचे शब्द मात्र तयार आहेत. त्यांना चाल लावायला आजींनी एक महिना मागून घेतलाय.