नदीतल्या माशांचा रिपोर्ट

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमधले किस्से मासळीच्या वासासारखे आहेत. एकदा चिकटले की साबण लावूनही जात नाहीत!

गेलं वर्षभर आम्ही नदीतल्या माशांत शिसं आणि पारा किती, ते तपासतोय. सर प्रोजेक्टचे प्रमुख, मी लॅब असिस्टंट, गफूरचाचा शिपाई. मासे आणून देतात मळवलीचे निवृत्तीभाऊ. माझी धाकटी बहीण शुभा मळवलीलाच दिलीय, तिला सातवा महिना लागलाय आणि तिच्या घरीही मासे याच निवृत्तीभाऊंकडून येतात. त्यामुळे मला नुसतं हसून भागत नाही, खरं सांगते.

*

एकदा मी सॅम्पलचा बर्फाचा डबा घेऊन एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, डब्यात काय?"

माझ्या तोंडून खरं तेच निघून गेलं, "मासे आहेत. त्यांच्यात विष असल्याचा संशय आहे."

शेजारच्या मावशी उठून पार मागच्या सीटवर जाऊन बसल्या. कंडक्टरनं तिकीट लांबूनच दिलं!

*

आम्ही माशाचं काळीज, कल्ले आणि थोडं मांस काढून पुण्याला तपासणीला पाठवतो, उरलेला मासा टाकून देतो. गफूरचाचांचा जीव तुटायचा. शेवटी सरांनी त्यांना बसवून समजावलं, "चाचा, शिसं दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि शिजवूनही ते जात नाही."

चाचांनी बराच विचार केला. "सर, लिंबू जास्त पिळलं तर?"



*

शुभाला मी बजावून ठेवलं होतं, रिपोर्ट येईपर्यंत मासे बंद. एके दिवशी फोनवर भडकलीच. "डॉक्टर म्हणतात प्रोटीन खा, तू म्हणतेस मासे नको. मग मी काय तुझी डिग्री खाऊ?"

मी खूप हसले. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

*

निवृत्तीभाऊंना लॅबमध्ये मोठा मान. बसायला सरांची खुर्ची, चहा कपबशीतून. तेही मासे आणायचे ते केळीच्या पानात गुंडाळून, एकेक कसा चकचकीत! सर म्हणायचे, "वा भाऊ! नदी सुधारली म्हणायची."

भाऊ बशीत चहा ओतत नुसते हसायचे.

*

गेल्या सोमवारी सकाळी पुण्याहून रिपोर्ट आला. सगळं मर्यादेच्या आत! सरांनी पेढे मागवले. मी आधी शुभाला फोन लावला, "खा गं बाई, पोटभर खा!" कित्येक महिन्यांनी मी मोकळा श्वास घेतला.

दुपारी निवृत्तीभाऊ आले. मी त्यांच्या हातावर दोन पेढे ठेवले. "भाऊ, तुमचे मासे पास झाले!"

"व्हनारच की! मास्तर लोकान्ला नदीतलं देतंय व्हय कुनी? त्येला लय वास मारतो. तुमच्यासाटी मी गाडी काडून पार वरच्या धरनावर जातो."

सरांचा पेढा हातातच राहिला. मी कसंबसं विचारलं, "आणि नदीतले?"

"त्ये गावात इकतो." भाऊंनी पेढा तोंडात टाकला. "आत्ताच शुभाताईकडं दोन किलो देऊन आलो. लय खूश व्हत्या. म्हनल्या, ताईचा फोन आलाय, आजपासनं रोज आनत जा!"